आपली आली का?

इंदूरला चार दिवस होते. मांडू आणि महेश्वर एकेका दिवसात केलं, सराफ्यात रात्री उशिरापर्यंत खाणं झालं, फोटो भरपूर निघाले. पण घरी परतल्यापासून डोक्यात आहे ते एक बंद फाटक आणि अनंत चतुर्दशीची रात्र.

माझी आत्या रामबागेत राहते. तिच्या यजमानांना आम्ही अप्पा म्हणतो. ते हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, 1970 पासून मिल बंद पडेपर्यंत. आदल्या दिवशी मी कांचमंदिर पाहून आले होते. भिंती, छत, खांब, सगळं काचेचं. मी त्याचं कौतुक सांगत होते तर अप्पा म्हणाले, "शेटजींचं देऊळ पाहिलंस, आता मिल पण बघ. पैसा तिथून यायचा."

सर सेठ हुकुमचंद यांनी ही मिल 1915 मध्ये काढली. इंदूरला गिरण्या त्याआधीही होत्या. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकातच वाफेवर चालणारी सरकारी कापडगिरणी उभारली होती. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार अशा गिरण्या एकमेकींच्या आसपास उभ्या राहिल्या आणि शहराचा हा सगळा भाग भोंग्यावर चालू लागला. आत्या सांगते, घरात घड्याळ नव्हतं तेव्हा भोंगा झाला की ती कणीक मळायला घ्यायची.

सकाळी रिक्षाने गेलो. फाटकाला कुलूप, बाजूला खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी. आत जायचं नाही, परवानगी आणा. कोणाची आणायची ते सांगेना. अप्पांनी पाकिटातून प्लास्टिकमध्ये जपलेला जुना गेटपास काढून दाखवला. त्याने तो हातातही घेतला नाही. मला फार राग आला. एकवीस वर्षं याच फाटकातून आत गेलेल्या माणसाला पाच मिनिटं आत उभं राहू द्यायला काय हरकत होती? मी वाद घालायला लागले तर अप्पांनी माझा हात धरून बाजूला नेलं. "त्याची नोकरी आहे बेटा, राहू दे."

भिंतीवरून नुसती झाडी दिसत होती. साडेबेचाळीस एकर जागा, आणि तीस वर्षांहून जास्त काळ मिल बंद. कुठूनसे मोर ओरडत होते. अप्पा भिंतीकडे बोट करून सांगत राहिले. इथे साचेखातं, पलीकडे सूतखातं, तिकडे रंगाई. साच्यांचा खडखडाट इतका, की आठ तास कोणी तोंडाने बोलायचंच नाही, सगळं हातवाऱ्यांनी. त्यामुळेच आज त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. धोट्यात, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळीत, नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक छिद्रातून ओठांनी ओढून घ्यायचे. दिवसभर तोंडात कापूस.

12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली. 5,895 कामगार. मग कोर्टकचेऱ्या. त्यांच्या हक्काचे सुमारे 224 कोटी रुपये मंजूर होऊन 25 डिसेंबर 2023 ला चेक सुपूर्द झाला, बत्तीस वर्षांनी. "आमच्या पाळीतले निम्मे तोवर गेले," अप्पा म्हणाले. त्यांच्या पैशांतून आत्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ते बत्तीस वर्षं आधी मिळाले असते तर माझा आतेभाऊ कॉलेज सोडून दुकानात लागला नसता. हे अप्पा बोलले नाहीत, मी बोलते आहे.

संध्याकाळी आम्ही खुर्च्या घेऊन जेल रोडवर जागा धरली. अनंत चतुर्दशीला इथे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे निघतात. सुरुवात हुकुमचंद मिलपासून झाली, त्याला आता शंभर वर्षं झाली. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतच राहिल्या. पूर्वी कामगार पगारातून वर्गणी काढायचे, आता महापालिका आणि विकास प्राधिकरण मदत करतात, बाकीची देणगी मागून जमवतात. गर्दी अशी की मला मधूनच घाबरायला होत होतं, पाण्याची बाटली घ्यायला उठले तर परत खुर्चीपर्यंत यायला पंधरा मिनिटं. तरी शेजारच्या अनोळखी बाईंनी स्वतःच्या डब्यातून मला दोनदा खायला दिलं.

थांबलेलो असताना माझ्या ओढणीचा एक धागा निघाला होता. तो मी तोडायला गेले, तर अप्पांनी ओढणी माझ्या हातातून घेतली, सुटलेली दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरली आणि एका हाताने गाठ मारली. नजर रस्त्यावरच. गाठ इतकी बारीक, की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. मागावरचा तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, जोडायची ही गाठ. पाळीला शेकड्याने मारलेली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आखाड्यांची पोरं लाठ्या फिरवत आली, ढोल आले, आणि मागून दिव्यांनी लखलखलेला ट्रॉला. वर हलणारी चित्रं, पुढे पाटी, हुकुमचंद मिल. फाटकाला कुलूप होतं त्याच मिलचं नाव भर रस्त्यातून माणसांच्या खांद्याइतक्या जवळून चाललं होतं. ट्रॉल्याच्या पुढे पांढऱ्या टोप्या घातलेली दहा-बारा म्हातारी माणसं चालत होती. त्यांतल्या एकाला अप्पा दिसले. ढोलांत काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने हवेत दोन बोटं फिरवली, अप्पांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. तो हसला आणि पुढे गेला.

"काय म्हणाले?" मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारलं.

"विचारत होता, तिसऱ्या पाळीला येतोस का."

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. आत्या जागीच होती. दार उघडताच तिने विचारलं, "आपली आली का?"

"आली," अप्पा म्हणाले. "चहा टाक."