फेटियाची काच कशी बसवायची

दिग्रस-पुसदकडच्या बंजारा तांड्यांत अजूनही पेटीत जपलेले जुने फेटिया (भरतकामाचे घेरदार घागरे) आणि कांचळ्या (चोळ्या) सापडतात. त्यांवरची आरशाची काच निखळली की लोक ती गोंदानं चिकटवतात. गोंद वाळून कडक होतो आणि घडी पडली की कापडच फाटतं. काच टाक्यानंच बसवायची.

काठाला नवा तुकडा जोडायचा असेल तर कोरा मादरपाट (जाडंभरडं सुती कापड) रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटून काचांमधलं कापड गोळा होतं. लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा, रंग उतरला तर तो लच्छा बाजूला.

भरतकाम सुट्या भागांवर करायचं, शिवण नंतर. चुण्या घातलेल्या घेरात सुई अडकते, ताणही सारखा राहत नाही. मागून जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं अस्तर लावा आणि दोन्ही थर बोटबोट अंतरावर धावदोऱ्यानं टाचून घ्या. वरच्या एकट्या कापडाला काचांचं वजन पेलत नाही, झोळ पडतो.

आता काच. 15 मिलिमीटरच्या काचेला सहापदरी दोऱ्यातले 3 पदर, पाऊण ते एक मीटर पुरतात. हातानं कापलेल्या काचेची धार आधी बारीक दगडावर मारा, नाहीतर दोरा आतून कापत जातो. काच डाव्या अंगठ्याखाली दाबून तिच्यावरून दोन आडवे, दोन उभे टाके घ्या, मग तसेच चार तिरपे. कडेपासून 3 मिलिमीटर तरी आत. हा पाया नखानं उचलला जाता कामा नये. इथं ढिलाई राहिली की पुढचं सगळं वाया. मग सुई या जाळीखालून काढायची, कडेला कापडात छोटा साखळीटाका, पुन्हा जाळीखाली. 25-30 फेऱ्यांत गोल भरतो. प्रत्येक ओढीला जाळी बाहेर सरकते. म्हणूनच ती आत घ्यायची. कडेलाच घेतली तर काच निसटते.

कवडी पाठ घासलेलीच घ्या आणि प्रत्येकीला वेगळी गाठ मारा. एकाच दोऱ्यात ओवल्या तर एक तुटताच सगळी ओळ ओघळते. नाण्याच्या कडीखाली कापडाची चकती ठेवा. पावसाळ्यात तांब्याचा हिरवा डाग बसला की निघत नाही.

ठेवताना घडी नको. भरलेली बाजू बाहेर ठेवून, मध्ये जुनं सुती लुगडं घालून सैल वळकटी करा.