भरतीच्या वेळेवर चालायची वाट: वेस्ट कोस्ट ट्रेल

कॅनडातील व्हँकुव्हर बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पचीना बे ते गॉर्डन नदी अशी जी ७५ किलोमीटरची पायवाट जाते, तिला वेस्ट कोस्ट ट्रेल म्हणतात. आम्ही ती उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललो. कोणी या वाटेविषयी विचारले की मी आधी भरती-ओहोटीविषयी सांगतो आणि अंतराविषयी नंतर, कारण दिवसभरात किती चालायचे, मुक्काम कुठे करायचा आणि पहाटे किती वाजता तंबू आवरायचा, हे सगळे इथे समुद्राच्या वेळेवर ठरते.

वाट साधारण मे ते सप्टेंबर खुली असते आणि रोज ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, त्यामुळे आरक्षण काही महिने आधी करावे लागते. चालायला लागण्यापूर्वी माहितीसत्राला बसणे सक्तीचे आहे. तिथे आम्हाला नकाशा आणि भरती-ओहोटीचे कोष्टक मिळाले. कोष्टक टोफिनो बंदराचे होते आणि प्रमाणवेळेत छापलेले होते, म्हणजे उन्हाळी वेळेसाठी प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा होता. ते काम आम्ही निघण्याआधीच पेन्सिलीने उरकले. दिवसभर चालून दमल्यावर तंबूत बसून करण्याचे हे गणित नव्हे.

पचीना पॉइंटच्या दीपगृहापर्यंतचे सुमारे दहा किलोमीटर रुंद आणि सोपे आहेत. याच किनाऱ्यावर जानेवारी १९०६ मध्ये व्हॅलेन्शिया नावाची आगबोट खडकांवर आपटून शंभराहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर तारायंत्राच्या तारेलगतची जुनी वाट सुधारून ती जहाजफुटीतून वाचलेल्यांच्या सुटकेसाठी तयार करण्यात आली. ही भूमी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हू-आय-आट, डिटिडाट आणि पॅचिडाट या आदिवासी राष्ट्रांची आहे, आणि वाटेची देखभाल करणाऱ्यांत आजही त्यांची माणसे आहेत.

पुढे वाट बहुतेक ठिकाणी दोन पर्याय देते: खाली किनारा आणि वर जंगल. जिथून जंगलात शिरायचे तिथे झाडांना मासेमारीचे रंगीत तरंगगोळे टांगलेले असतात आणि ते दुरूनच दिसतात. ओहोटी असेल तर मी नेहमी किनारा निवडला. पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू चालायला उत्तम असते, तर वरची कोरडी पुळण प्रत्येक पावलाला मागे ओढते. सपाट कातळावर रंग पाहून पाय टाकावा लागतो. खरखरीत शिंपल्यांचा थर असलेल्या खडकावर बूट धरून राहतो, पण हिरवे शेवाळ दिसले की तिथे वजन टाकायचे नाही. जंगलात सीडार आणि स्प्रूसची प्रचंड झाडे, त्यांच्या मुळांचे जाळे आणि घोट्याच्या वर येणारा चिखल असतो, त्यामुळे तासाला एक किलोमीटर झाला तरी समाधान मानावे. निटिनाटची अरुंद खाडी होडीनेच ओलांडावी लागते.

कार्मानाच्या दीपगृहानंतर वाटेचे रूप बदलते. वॉलब्रन, लोगन, कलाइट या ओढ्यांनी खोल दऱ्या कोरल्या आहेत आणि त्यांत उतरायला एकाखाली एक अशा उंच लाकडी शिड्या आहेत. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, काठ्या सॅकला बांधलेल्या, दोन्ही हात मोकळे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. पाठीवरचे ओझे माणसाला मागे खेचत असते, म्हणून छाती शिडीला जवळजवळ टेकवूनच चढावे लागते. पावसाने पायऱ्या ओल्या असल्या की तळवा दांड्यावर पुरता आवळल्याशिवाय पुढचे पाऊल उचलवत नाही. काही ओढ्यांवर तारेवरचे पाळणे आहेत. मध्यापर्यंत पाळणा आपल्या वजनानेच जातो आणि पुढचा चढ दोर हाताने ओढून पार करावा लागतो. काठावरच्या माणसाने ओढायला मदत केली तर दंड पुष्कळ वाचतात.

सर्वांत मोठा हिशेब ओवेन पॉइंटचा. समुद्राची पातळी १.८ मीटरच्या खाली असेल तरच तिथून जाता येते. आम्ही कॅम्पर क्रीकहून पहाटे निघालो, काही अंतर जंगलातून काटले आणि ओहोटी लागल्यावर किनाऱ्यावर उतरलो. वाटेतल्या काही घळींमध्ये लाट आत घुसून उसळत होती, त्यामुळे तिची लय पाहत थांबावे लागले. ओवेन पॉइंटच्या गुहांमधून बाहेर पडल्यावर थ्रॅशर कोव्हपर्यंत घराएवढे धोंडे आणि त्यांच्यात अडकलेले ओंडके आहेत. ओंडक्यावर उभे राहण्यापेक्षा त्याच्यावर बसून सरकलेले बरे, असे माझे ठाम मत झाले. हा टप्पा रेंगाळण्याचा नाही, कारण मागे पाणी चढत असते आणि बऱ्याच अंतरात वर निसटायला वाट नसते.

थ्रॅशर कोव्हहून गॉर्डन नदीपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर पुन्हा जंगलातले आहेत, आणि समुद्रसपाटीवरून चढून वाटेच्या सर्वांत उंच भागावरून जाणारे आहेत. नदीकाठी टांगलेला तरंगगोळा दोरीने वर चढवला की पलीकडून होडीवाला येतो. होड्या दुपारनंतर बंद होतात, म्हणून कोव्हवरून सकाळी लवकर निघावे आणि पलीकडे पोहोचताच कार्यालयात परतल्याची नोंद करावी.