खोक्यातली सायकल आणि दुकानातली सायकल

ऑनलाइन किंमत आणि दुकानातली किंमत शेजारी शेजारी ठेवून सायकल निवडण्याची रीत आता बेळगावातही रुळली आहे. परंतु या दोन किमती एकाच वस्तूच्या नसतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुकानातून आपण चालवण्याजोगी सायकल घेऊन बाहेर पडतो. कुरिअरने येते ते लांबट खोके असते. त्यात पुढचे चाक, हँडल, पॅडल आणि सीट बहुधा सुटे असतात आणि उरलेली जोडणी आपली आपण करायची असते.

शेजारच्या मुलाची अशी घरी जोडलेली सायकल घेऊन मी शहापुरातल्या एका मिस्त्रीकडे गेलो होतो. पाना हातात घेण्याआधीच तो म्हणाला, "काका, फोर्क उलटा फिरलाय की हो." फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्याने घरच्यांनी जोर लावून ते आवळले होते आणि क्रँकमधले, म्हणजे पॅडल ज्या दांडीला बसते तिच्यातले, आटे खराब झाले होते. मग त्याने चाक फिरवत, रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते ते पाहत, चावीने एकेक स्पोक आवळून किंवा सैल करून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. नव्या चाकाचे स्पोक सुरुवातीच्या वापरात थोडे ढिले पडतात, त्यामुळे हे काम पुन्हा एकदा करावे लागते. ओळखीचा दुकानदार बहुधा त्याचे पैसे घेत नाही, आणि दोन किमतींतला फरक मोजताना नेमका हाच हिशेब सुटतो.

अर्थात दुकानदारांचीही बाजू सगळीच धुतल्या तांदळासारखी नाही. उंची न पाहता "मुलगा वाढतोय, हीच घ्या" म्हणत शिल्लक माल गळ्यात मारणारे आहेतच. सव्वीस इंच म्हणजे चाकाचे माप, फ्रेमचे नव्हे. फ्रेमचे माप वेगळे विचारावे लागते आणि ऑनलाइन तक्त्यात ते उंचीनुसार दिलेले असते, ही सोय मान्य करायला हवी. तरीही फ्रेमच्या दांडीवरून पाय टाकून, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उभे राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटे जागा उरते का, हे मोबाइलवर कळत नाही.

टायरच्या मापांचा घोळ तर वेगळाच आहे. जुन्या काळ्या सायकलीच्या 28 इंची चाकाची रिम 635 मिलिमीटरची आणि नव्या 29 इंची चाकाची 622 मिलिमीटरची, म्हणजे आकडा मोठा आणि रिम लहान! म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी त्या मापाची ट्यूब आपल्या भागात मिळते का, हे विचारून घ्यावे. जांबोटीच्या रस्त्यावर भर पावसात पंक्चर झाल्यावर ही चौकशी कामाची नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. दुकानातही पक्के बिल मागावे; फ्रेमची वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

माझ्या मते, विनागियरची आणि शाळकरी मुलांची सायकल दुकानातूनच घ्यावी. गियरची, विशिष्ट मापाची फ्रेम बेळगावात मिळतच नसेल, तर ती खुशाल ऑनलाइन मागवावी. मात्र फिटिंगची मजुरी आधी ठरवून खोके न फोडता थेट मिस्त्रीकडे न्यावे.