शिळी पेज आणि गोळ्या

जीवशास्त्र शिकवणारी बाई कोलायटिससाठी, म्हणजे शरीर स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर हल्ला करून सूज आणते त्या आजारासाठी, रोज गोळ्या का घेते, पोटातले चांगले जंतू वाढवून मोकळी का होत नाही, हा प्रश्न मला फोंड्याच्या बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि लग्नाच्या पंगतीत सारख्याच आपुलकीने विचारला जातो. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून पहारा देणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाल्यापासून तर विचारणाऱ्यांच्या हाती कात्रणेही असतात. तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी दह्याचे सांगते, कारण सल्ला नेहमी तिथून सुरू होतो. जपानमध्ये केन्या होंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना क्लॉस्ट्रिडियम गटातले ४६ प्रकार दिले, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात नियामक पेशी वाढल्या. दोन वर्षांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या १७ प्रकारांनीही उंदरांत तेच घडवले. हे जंतू हवेतल्या प्राणवायूने मरतात. विरजणाच्या भांड्यात ते सापडणार नाहीत, मग दूध कितीही चांगल्या म्हशीचे असो.

इतके ठणकावून सांगणारी मी चार वर्षांपूर्वी शहाणी होते असे मात्र नाही. आपल्याला न पचणारे तंतू आणि पिष्ट मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जंतू ते आंबवून ब्युटिरेट तयार करतात, त्यावर आतड्याचे अस्तर पोसते आणि त्याच ब्युटिरेटमुळे टी पेशीतले फॉक्सपी३ हे जनुक उघडे राहून ती पेशी हल्लेखोर न होता नियामक होते, हे मी अभ्यासक्रमात नसतानाही बारावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. शिजवून गार झालेल्या भातात न पचणारे पिष्ट वाढते, हेही मला ठाऊक होते. म्हणून मी रोज सकाळी रात्रीची उकड्या तांदळाची पेज खाऊ लागले, दुपारी आळसाणे (आमच्याकडची चवळी), आणि जूनच्या सुरुवातीला कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. फळ्यावरची बाणांची आकृती फार सुबक होती.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही डिचोलीच्या मूळ घरी गेलो. वीसेक माणसे आणि परसाच्या टोकाला एकच संडास. पहिल्या पहाटे मी भर पावसात बॅटरी घेऊन चार वेळा तिथवर गेले. चौथ्या खेपेला रक्त दिसले आणि मी ते पाणी ओतून घालवले, जणू दुसऱ्या कोणाचे असावे. दुपारी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पंगत मांडली गेली, तेव्हा मी ताटाकडे न पाहता तिथून मागच्या दारापर्यंतची पावले मोजत होते. सासूबाईंनी काहीही न विचारता माझा पाट उचलून त्या दाराशी नेऊन ठेवला. दुसऱ्या रात्री ताप चढला आणि मला इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “गोळ्या किती दिवस बंद आहेत?” मी त्यांना ब्युटिरेट समजावून सांगू लागले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “किती दिवस?” मी म्हटले, “८७.” मी दिवस मोजत होते हे नवऱ्याला तेव्हा प्रथम कळले. पुढचे नऊ दिवस स्टिरॉइडच्या सलाईनवर गेले.

नंतर जे वाचले ते आधीच वाचायला हवे होते. कोलायटिसमध्ये सुजलेल्या अस्तरात नियामक पेशी अनेकदा कमी नसतात, उलट जास्तच सापडतात, आणि तरीही आग विझत नाही. शिवाय सूज आली की आतड्याच्या पोकळीत प्राणवायू झिरपतो आणि नेमके तेच नाजूक जंतू घटतात. मग आधी जंतू गेले की आधी सूज आली? माझ्या आकृतीत बाण एकाच दिशेने जात होते.

तरीही त्या वेळच्या स्वतःला मी सरसकट मूर्ख म्हणणार नाही. गोळ्या चालू असतानाही हा आजार उसळतो. त्या वर्षी तो तसाही उसळला असता काय, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत निरोगी लोकांच्या विष्ठेतले जंतू दिल्यावर ४१ पैकी ११ रुग्णांचा आजार शमला, तर नुसते नावापुरते औषध दिलेल्या ४० जणांत तिघांचाच. हे सांगितले की, “मग तेच करा ना!” असे म्हणतात, उरलेल्या तिसांबद्दल कोणीच विचारत नाही.

पेज मी सोडलेली नाही, फक्त तिच्यासोबत गोळ्याही घेते. सासूबाई अजूनही चवथीला माझा पाट मागच्या दाराशी मांडतात. गेल्या वर्षी मी तो उचलून माटोळीखाली नेला होता. पण खतखते वाढायला येण्याआधीच, पोटात काहीही होत नसताना, पुन्हा दाराशी आणून ठेवला.