रॅम ड्राईव्ह केला, पण कार्डच नव्हतं

गोव्यात फोंड्याच्या घरी 2011 सालचा कॉम्प्युटर आहे. आय-थ्री 2100 प्रोसेसर, साधी हार्डडिस्क, लिनक्स. सुट्टीला आलेल्या भाच्याला त्यावर फ्लाइटगिअर या विमान उडवायच्या खेळात दाबोळी विमानतळावर विमान उतरवायचं होतं. जरा खाली आलं की चित्र दोन-दोन सेकंद गोठायचं, आणि हलायला लागेपर्यंत विमान झुवारी नदीत. ‘‘मामा, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. रॅम ड्राईव्ह कर, फास्ट होतं,’’ असं त्याचं निदान.

मलाही ते पटलं. 4 जीबीची रॅम काढून 8 जीबीची एकच पट्टी बसवली. त्यातली 3 जीबी टीएमपीएफएस या लिनक्सच्या सोयीला दिली, म्हणजे मेमरीतच एक फोल्डर तयार झाला. हाच रॅम ड्राईव्ह. फ्लाइटगिअरचा गोव्याचा भूभाग त्यात कॉपी केला. हजारो बारक्या फायली! त्या शोधत हार्डडिस्कचं डोकं सारखं इकडून तिकडे पळायचं, त्याची खरखर पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. ती थांबली. गोठणंही जवळजवळ गेलं. भाचा खूश.

पण कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढली जातात तो? आधी 12, आताही 12. ढग दाखवले की 9.

दोन दिवसांनी, नेमकी मुसळधार चालू असताना, लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. रॅममधलं सगळं पुसलं गेलं. भूभागाची मूळ प्रत डिस्कवर होती, ती चार मिनिटांत परत आली. पण भाच्याने संध्याकाळभर बसून विमानाच्या शेपटीवर रंगवलेला गणपती मी शहाणपणा करून त्याच फोल्डरात ठेवला होता. तो गेला. चतुर्थी तोंडावर आलेली, पोरगा जेवेना.

शेवटी कॅबिनेट उचलून ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने झाकण काढलं, आत पाहिलं आणि हसला. ‘‘हांगा कार्डच ना मरे!’’

खरंच नव्हतं. ग्राफिक्सचं काम मुख्य प्रोसेसरच्याच पोटात चालतं, आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. ते घरच्याच रॅमवर जेवतं. रॅम ड्राईव्हने फायली लवकर हाताशी येतात, चित्र काढायचा वेग त्याने वाढत नाही. उलट जुनी पट्टी काढून मी दुसरा स्लॉट रिकामाच ठेवला, म्हणजे वाट अरुंदच राहिली होती. 1333 वेगाची एक पट्टी सेकंदाला साधारण 10.6 जीबी पोचवते. दोन स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असल्या की 21 पर्यंत जातं.

‘‘जुनी पट्टी टाकलीत?’’ त्याने विचारलं. टाकतोय कशाला, कपाटात होती. गोव्याच्या दमट हवेत तिचे पितळी दिसणारे दात काळपट पडले होते. त्याने शाळेतल्या खोडरबराने ते हळूच घासले, फुंकर मारली आणि पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये खट्कन बसवली. 8 आणि 4 अशी विजोड जोडी चालेल का, ही माझी शंका. तो म्हणाला, चार-चार जीबी जोडीने धावतात, उरलेली चार एकटी. घासण्याचे पैसेही घेतले नाहीत.

घरी येऊन आकडा पाहिला: 16, कधी 17. आता रॅम ड्राईव्हमध्ये फक्त भूभागाची प्रत असते. गणपती भाच्याने पुन्हा रंगवला, या वेळी उंदरासकट, आणि पेनड्राईव्हवर घेऊन तो स्वतःच्या दप्तरात ठेवला.