मॅग्नेशियमवर सीओटू मारला आणि मेमो मिळाला पोराला

जुलै म्हणजे आमच्या अग्निशामक तपासायच्या लाइनमध्ये बी फॉर्मचा सीझन. फायरचा 2006 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं सर्टिफिकेट जानेवारीत आणि जुलैत लायसन्स्ड एजन्सीकडून घ्यावं लागतं, तोच हा बी फॉर्म. मग आम्ही भर पावसात या एमआयडीसीतून त्या एमआयडीसीत.

तर त्या दिवशी भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये होतो. अ‍ॅल्युमिनियम आणि बिडाचं जॉबवर्क. एबीसी पावडरचे (ए, बी, सी म्हणजे घन, द्रव आणि वायूच्या आगींसाठीचे) 6 किलोचे सिलेंडर, प्रत्येक सीएनसीजवळ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनजवळ, 4.5 किलोचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, कुठेही उभे राहा, 15 मीटरच्या आत सिलेंडर हाताशी, आयएस 2190 हे भारतीय मानक सांगतं तसं. मी सीओटू काट्यावर चढवत होतो. सीओटूला प्रेशर दाखवणारं गेज नसतं, त्यामुळे वजन केल्याशिवाय आतला गॅस कमी झालाय का ते कळतच नाही, 10 टक्क्यांपेक्षा जास्त घटला की रिफिल. आमच्या धंद्यात बरेच जण नुसतं फडकं मारून नवा स्टिकर लावतात, आणि ज्याच्या हातात आयत्या वेळी रिकामा सिलेंडर येतो त्याचा विचार कोणी करत नाही. इथे सगळे भरलेले निघाले. कागदावर एक चूक काढता आली नसती.

तेवढ्यात एका व्हीएमसीच्या (हेही सीएनसी मशीनच) चिप ट्रेमधून, म्हणजे धातूचा चुरा पडतो त्या ट्रेमधून, प्रकाश आला. वेल्डिंगसारखा पांढरा, डोळ्यांना सहन होईना. अ‍ॅल्युमिनियम असं पेटत नाही, म्हणून मी ओरडून विचारलं जॉब कसला लावलाय, तर म्हणे नवीन ऑर्डर आहे, मॅग्नेशियम अलॉयची हाउसिंग! इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टूलच्या टोकाची, धार गेलेली होती, धार गेली की तो कापायच्या ऐवजी घासतो, चुरा बारीक पडतो, तापतो आणि पेटतो.

ऑपरेटर विशीतला पोरगा. पळाला नाही. पिन काढली, सिलेंडरचा हॉर्न (गॅस सुटतो ते तोंड) ट्रेकडे धरला आणि सीओटू सोडला. आग विझायच्या ऐवजी आणखी उजळली, कारण पेटलेलं मॅग्नेशियम सीओटूमधला ऑक्सिजनच ओढून घेतं, मागे काळा कार्बन उरतो. वर त्या झोताने जळते चिप्स फ्लोअरवर उडाले. दुसरा एकजण पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला मी अक्षरशः धक्का मारून मागे ढकललं. पाणी पडलं असतं तर हायड्रोजन सुटून सगळं अंगावर आलं असतं. वाळूच्या लाल बादल्या होत्या, पण बाहेर, पत्र्याच्या पन्हाळीखाली, वाळू चिंब ओली. ओली वाळू म्हणजे परत पाणीच!

वाचवलं ते शेजारच्या लेथवरच्या टर्नर काकांनी. ते आधी कुठेतरी मॅग्नेशियमच्या कास्टिंगवर काम केलेले. ते बिडाचे कोरडे चिप्स घमेल्यात भरून घेऊन आले, मी म्हटलं "काका, फेकू नका, कडेकडेने सोडा", ते म्हणाले "माहितीये रे", आणि शांतपणे थर देत गेले. हवा तुटली, उजेड मंद झाला. नशीब ते चिप्स कोरडे आणि बिनगंजाचे होते, गंजलेले किंवा कूलंटने (मशीन गार ठेवायच्या पाण्याने) भिजलेले असते तर त्यांनीच आग भडकवली असती. वर राखाडी पापुद्रा धरला तरी आत ते बराच वेळ धगधगत असतं, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत मी कोणाला ढवळू दिलं नाही.

आता जे डोक्यातून जात नाहीये ते सांगतो. मॅनेजरने मेमो काढला त्या पोराच्या नावाने, "चुकीचा अग्निशामक वापरला" म्हणून. अहो, त्याच्या मशीनमागे भिंतीवर बोर्ड लावलाय, मशीन व इलेक्ट्रिकची आग : सीओटू. त्याने बोर्डाप्रमाणे केलं. सिलेंडर निवडले होते अ‍ॅल्युमिनियम आणि बिडाचं काम बघून, मटेरियल बदललं तेव्हा मार्केटिंगला माहीत, परचेसला माहीत, प्रोग्रामरला माहीत, फक्त सेफ्टी बघणाऱ्याला कोणी सांगितलं नाही. परचेसवाले साहेब मला म्हणाले, "एबीसी आहे ना, त्यात सगळं येतं." नाही येत साहेब. धातूची आग डी क्लास, त्याला मिठाची नाहीतर टीईसी (क्लोराइड क्षारांच्या मिश्रणाची) पावडर लागते, आणि ती झोताने मारायची नसते, लांब नळीने हळूच पसरायची असते. महाग आहे, मान्य. म्हणूनच कोटेशनमधून पहिली तीच लाइन उडते, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की ऑपरेटरची चूक नाही, बोर्ड बदला, वाळू झाकणाच्या डब्यात आत ठेवा, मॅग्नेशियमचा चुरा वेगळा आणि कोरडा ठेवा, रोज उचला. आणि कुठल्याही शॉपमध्ये गेलो की आता आधी स्क्रॅपचा बिन बघतो, सिलेंडर नंतर. डी टाइपची ऑर्डर आली, ती मी स्वतःच पोचवणार आहे. मेमो मागे घेतला का ते अजून कोणी सांगत नाहीये, तेव्हा विचारीन, आणि घेतला नसेल तर मालकांना भेटून बोलेन.