नऊ वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा: मैदान लहान करा, पण आधी बाद फेरी काढा

जर्मनीत 2024-25 च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल नव्या नियमांनी खेळवला जातो. सात वर्षांखाली दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, नऊ वर्षांखाली तीन किंवा पाच, अकरा वर्षांखाली पाच ते सात. खालच्या दोन गटांत गुणतक्ता नाही. तिथल्या महासंघाने, म्हणजे डीएफबीने, 2022 मध्ये हा निर्णय घेतला आणि त्यानंतर बरीच टीका झाली. महासंघाचे उपाध्यक्ष असलेल्या हान्स-योआखिम वाट्सके यांच्यासारख्या जबाबदार माणसानेही विचारलं, की हरणं काय असतं हे कळलंच नाही तर मुलं जिंकायला शिकणार कशी? पण या पद्धतीत गोल मोजले जातात आणि प्रत्येक सामन्याला हार-जीत असते. हंगामभर डोक्यावर बसणारा तक्ता तेवढा नाही.

आपल्याकडे या बदलाची चर्चा छोट्या गोलपोस्टपाशीच थांबते. खरी किमया मैदानांच्या क्रमात आहे. समजा आठ छोटी मैदानं आखली आणि सोळा संघ आले. मैदानांना 1 ते 8 नंबर द्यायचे. पहिल्या फेरीला चिठ्ठ्या टाका. शिट्टी झाली की जिंकलेला संघ एक मैदान वर, हरलेला एक मैदान खाली. एक नंबरवरचा विजेता आणि आठ नंबरवरचा पराभूत जागेवरच थांबतात. तीन-चार फेऱ्यांत तुल्यबळ संघ आपोआप समोरासमोर येतात. पहिल्या फेरीत आठ गोल खाणारा संघ पाचव्या फेरीत एका गोलने जिंकतो. बाद फेरीत तोच संघ वीस मिनिटांत टेम्पोत बसून घरी गेला असता. बरोबरी झाली तर शेवटचा गोल ज्याचा तो वर. गोलच झाला नसेल तर दगड-कागद-कात्री.

आता मैदान. तीन विरुद्ध तीनसाठी साधारण 28 बाय 22 मीटर पुरतं. 105 बाय 68 च्या पूर्ण मैदानात लांबीच्या दिशेने 22 मीटरची चार आणि रुंदीच्या दिशेने 28 मीटरची दोन, अशी आठ बसतात आणि मध्ये चार ते सहा मीटरची वाट राहते. एका वेळी 48 मुलं खेळतात, जिथे एरवी 22 खेळली असती. आतल्या रेषा फक्कीने मारू नका, आठ मैदानांच्या रेषा एकमेकींत मिसळून मुलं गोंधळतात. कोपऱ्यांना आणि मध्यावर चपटे मार्कर पुरेत.

प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल, गोलकीपर नाही. होर्स्ट वाइन या मूळच्या हॉकी प्रशिक्षकाने हा चार गोलांचा खेळ रुजवला. दोन्ही गोल एकमेकांपासून दहा-बारा मीटर लांब, कडेच्या रेषांजवळ ठेवायचे. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, त्यामुळे मूल मान वर करून बघायला लागतं. गोल मध्याकडे सरकवले की बॉलभोवतीचा घोळका परत जमतो. गोलच्या रेषेपासून सहा मीटरवर आणखी एक रेघ हवी (तीही मार्करनेच) आणि त्या पट्ट्यातून मारलेलाच गोल धरायचा. हा नियम विसरलात तर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी तगडा मुलगा अर्ध्या मैदानातून रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलायला शिकतो आणि त्याचे सर त्याला तेच करायला लावतात.

थ्रो-इन नाही. बॉल बाहेर गेला की रेषेवर ठेवून ड्रिबल करत आत यायचं किंवा पास द्यायचा, समोरचे तीन मीटर लांब. ऑफसाइड नाही. हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचा, प्रश्नही यामुळे जवळपास मिटतो. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगला बंदी आहे, इंग्लंडमध्ये 2024-25 पासून ती टप्प्याटप्प्याने आली. बॉल तीन नंबरचा घ्या आणि मुरमाच्या कडक मैदानावर हवा थोडी कमी ठेवा, नाहीतर अर्धा वेळ तो डोक्यावरूनच उडत असतो.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती बदली खेळाडूंवरून, म्हणून हा भाग कागदावर लिहूनच द्यावा. संघात पाच मुलं, तीन मैदानात. सामना दहा मिनिटांचा, दर दोन मिनिटांनी मधोमध उभा असलेला माणूस शिट्टी वाजवतो आणि सगळ्या मैदानांवर एकदमच बदल होतो. मुलांना 1 ते 5 नंबर द्या. सुरुवातीला 4 आणि 5 बाहेर. पहिल्या शिट्टीला 4 आत, 1 बाहेर. मग 5 आत, 2 बाहेर. मग 1 आत, 3 बाहेर. शेवटी 2 आत, 4 बाहेर. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर सहा मिनिटं येतात. सहा फेऱ्यांत 36 मिनिटं, चांगला असो वा नवखा. पुढच्या सामन्यात बाहेर बसणारी जोडी बदला. सर मंडळी इथे हमखास खोडा घालतात: गोल बरोबरीत असले की ‘पुढच्या शिट्टीला काढतो’ म्हणतात. नंबर पाठीवर असले की मुलंच ओरडून बदल करून घेतात.

सामना एकतर्फी झाला तर इंग्लंडमधला एक नियम उपयोगी पडतो: चार गोलची पिछाडी झाली की मागे पडलेल्या संघाला एक खेळाडू जादा, फरक कमी झाला की तो बाहेर. मैदानांचा क्रम नीट चालला तर याची गरज पहिल्या दोन फेऱ्यांतच लागते.

दहा वर्षांच्या आसपास गोलकीपर आला की गोलपोस्टचं माप महत्त्वाचं. पूर्ण गोल 7.32 बाय 2.44 मीटर असतो. त्यात उभ्या असलेल्या लहान मुलाच्या डोक्यावरून मारलेला कोणताही फटका आत जातो आणि त्याला कीपिंग नकोसं होतं. इंग्लंडमध्ये सात-सातसाठी 12 बाय 6 फूट वापरतात. शाळेत हॉकीचे गोल पडून असतील तर ते 12 बाय 7 फुटांचे, म्हणजे चालून जातात.

भारतीय महासंघाच्या गोल्डन बेबी लीगमुळे 2018 पासून कमी खेळाडूंचा खेळ आपल्याकडेही ओळखीचा झाला आहे, त्यामुळे संघ जमवणं अवघड नाही. अवघड असतं पालकांना आवरणं. तीन-तीनच्या सामन्यात रेफरी नसतो, फाऊल आणि बाहेर गेलेला बॉल मुलंच ठरवतात. दोन्ही सर एकाच ठिकाणी, शेजारी-शेजारी उभे राहतात. जर्मनीत पालकांना रेषेपासून 15 मीटर लांब ठेवतात, पण आठ मैदानं खेटून असली की मधल्या वाटांत तेवढी जागा नसते. तेव्हा पूर्ण मैदानाच्या बाहेरून दोरी बांधा, आणि पाण्याच्या बाटल्या, डबे, चपला सगळं दोरीपलीकडेच ठेवायला सांगा. डबा द्यायला म्हणून आत आलेला पालक फेरी संपेपर्यंत बाहेर जात नाही.